गळाच्या टोकाला प्रशांत महासागर

२६.४! आकडा पाहून काही वाटलं नाही ना? मे महिन्यात मुंबईच्या समुद्राचं पाणी याहून गरम असतं. पण हा आकडा मुंबईचा नाही. तो कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहराजवळचा आहे. ला होया इथे स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचा लांबलचक धक्का आहे. त्या धक्क्यावर १९१६ पासून रोज समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजतात. रोज म्हणजे अगदी रोज, आणि तेही हाताने. शंभर वर्षांच्या वर झालं हे चाललंय. म्हणजे ३६,५०० हून जास्त दिवस! आणि इतक्या दिवसांत ९ ऑगस्ट २०१८ येईपर्यंत एकदाही पारा २६.४ अंश सेल्सियसवर गेला नव्हता. आठच दिवस आधी, १ ऑगस्टला, १९३१ पासूनचा उच्चांक मोडला होता. तो नवा उच्चांक दोन दिवस टिकला, मग पुन्हा मोडला, आणि ९ तारखेला हा २६.४.

या किनाऱ्यावर उन्हाळ्यात हजारो हौशी लोक गळ घेऊन समुद्रात जातात. सॅन डिएगोपासून लॉस एंजेलिसपर्यंतचा किनारा, समोर कॅटालिना आणि सॅन क्लेमेंटे ही बेटं, दक्षिणेला मेक्सिकोच्या हद्दीतली कोरोनाडो बेटं. आपल्या कोकणात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नेमके तेच दिवस तिकडे ऐन हंगामाचे. आणि तिथला हौशी मासेमार सकाळी उठून पहिल्यांदा काय बघतो? पाण्याचं तापमान. एक अंश वर की एक अंश खाली, यावर तो कुठल्या बेटाकडे जायचं ते ठरवतो.

एक अंश! एवढंसं! चला, हा एक अंश किती मोठा आहे ते आपण मिळून बघू.

कॅटालिना बेट किनाऱ्यापासून साधारण ३५ किलोमीटरवर आहे. मुंबईच्या सीएसएमटीपासून ठाणं जवळजवळ तेवढंच. बेटाची लांबीही ३५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बेट आणि किनारा यांच्यामध्ये ३५ बाय ३५ किलोमीटरचा पाण्याचा एक चौकोन कल्पायला हरकत नाही. त्याचं क्षेत्रफळ १,२२५ चौरस किलोमीटर. त्यातलं फक्त वरचं दहा मीटर पाणी घ्या. खालचं सगळं सोडून द्या.

आता शेतातली विहीर डोळ्यांसमोर आणा. सहा मीटर रुंद, दहा मीटर खोल, काठोकाठ भरलेली. तिच्यात सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी मावतं. आपल्या चौकोनातल्या एका चौरस किलोमीटरचं पाणी भरायला अशा ३५ हजार विहिरी लागतील. सगळ्या चौकोनाला? ४ कोटी ३० लाख विहिरी! आणि हे पाणी किनाऱ्याजवळच्या एका तुकड्याचं, तेही फक्त वरच्या दहा मीटरचं.

हे पाणी एका अंशाने तापवायचं तर वीज किती लागेल? एका चौरस किलोमीटरला १ कोटी १४ लाख युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारी साडेनऊ हजार घरं वर्षभर चालतील इतकी. सगळ्या चौकोनाला सुमारे १,४०० कोटी युनिट. सात रुपये युनिट धरा. एका अंशाचं बिल ९,८०० कोटी रुपये!

थांबा, अजून संपलं नाही. हिवाळ्यात हे पाणी १४ अंशांच्या आसपास असतं आणि चांगल्या उन्हाळ्यात २१ वर जातं. म्हणजे सात अंश. सात गुणिले ९,८०० म्हणजे जवळपास ६९ हजार कोटी रुपये. मुंबईचा अटल सेतू सुमारे १७,८४० कोटींत झाला. असे जवळजवळ चार अटल सेतू दरवर्षी सूर्य या एका चौकोनात ओततो आणि हिवाळ्यात परत काढून घेतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तर त्याने २१ वर थांबायचं नावही घेतलं नाही.

पाणी तापलं की दक्षिणेकडचे मासे वर सरकतात. यलोटेल येतो, सोनेरी-हिरवा डोराडो येतो, लांब भाल्याचा मार्लिन येतो. आणि ब्लूफिन ट्यूना येतो, आपल्या कोकणातल्या कुप्याचा थोरला भाऊबंद. त्याच्याकडे आपण जाणारच आहोत, पण आधी ज्या पाण्यावर होडी हलतेय ते पाणी तर बघू.

तिथल्या रोजच्या समुद्र-अंदाजात दोन आकडे असतात: लाटेची उंची आणि दोन लाटांमधला वेळ. समजा, उंची एक मीटर आणि वेळ १६ सेकंद. एक मीटरची लाट, त्यात काय मोठं? तर अशा दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर खोल समुद्रात ४०० मीटर असतं. मधल्या खोलगटात पंधरा डब्यांची लोकल उभी करा, वर जागा उरेल. उन्हाळ्यात या लाटा येतात कुठून? न्यूझीलंडच्या दक्षिणेकडून! तिकडे तेव्हा हिवाळा असतो, वादळं घोंघावत असतात. तिथे उठलेली लाट ताशी ४५ किलोमीटरने निघते आणि दहा हजार किलोमीटर ओलांडून कॅलिफोर्नियाला पोचते. किती दिवस लागतात? सव्वानऊ. सव्वानऊ दिवस, रात्रंदिवस, एकही थांबा नाही! स्क्रिप्समधल्याच वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने १९६३ साली न्यूझीलंडपासून थेट अलास्कापर्यंत मापनकेंद्रांची रांग लावून या लाटांचा पाठलाग केला होता आणि त्या खरोखरच अख्खा प्रशांत महासागर पार करतात हे दाखवून दिलं होतं.

अशा लाटेच्या दर मीटर रुंदीत सुमारे ७.८ किलोवॉट शक्ती असते. गणित शास्त्रज्ञांचं आहे, आपण ते मान्य करून पुढे जाऊ. मुंबई-पुणे अंतराएवढा, म्हणजे दीडशे किलोमीटरचा किनारा घ्या. त्यावर येणारी एकूण शक्ती झाली ११७० मेगावॉट. कोयनेचं सगळं जलविद्युत केंद्र पूर्ण जोराने चाललं तर १,९६० मेगावॉट देतं. म्हणजे कोयनेच्या निम्म्याहून जास्त, आणि तेही शांत म्हटल्या जाणाऱ्या दिवशी, एक मीटरच्या लाटेतून! गळ टाकून बसलेल्या माणसाला फक्त होडी हलकेच वर गेली आणि खाली आली, इतकंच कळतं.

आणि होडीखाली काय आहे? या बेटांच्या मधला समुद्रतळ सपाट नाही. डोंगर आहेत, दऱ्या आहेत. सॅन क्लेमेंटे बेटाजवळच्या खोलवट भागात सुमारे दोन हजार मीटर खोली आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर समुद्रसपाटीपासून अलगद उचलून तिथे ठेवलं तर वर साडेतीनशे मीटर पाणी राहील. आणि तिथून पुढे पश्चिमेला, सॅन डिएगोपासून सुमारे १८० किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-पुण्याहून थोडं जास्त, कॉर्टेस बँक नावाचा पाण्याखालचा डोंगर आहे. त्याच्यावरचा बिशप रॉक हा खडक पृष्ठभागाच्या एक-दोन मीटरच खाली असतो. चहूकडे उघडा महासागर, आणि मध्येच माणसाच्या उंचीएवढंच पाणी! १९८५ साली अमेरिकेची एंटरप्राइझ ही ३४२ मीटर लांबीची विमानवाहू युद्धनौका याच खडकावर घासली होती. अशा डोंगरांवर आपटून खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर बारीक जीव पोसतात, त्यांच्यावर लहान मासे, आणि लहान माशांवर मोठे.

किनाऱ्यालगत केल्प नावाचं अवाढव्य समुद्री शेवाळ वाढतं. चांगल्या दिवसांत ते दिवसाला ६० सेंटिमीटर वाढतं. तासाला अडीच सेंटिमीटर! तुम्ही मराठी सिनेमा बघून बाहेर याल तोवर ते बोटभर वाढलेलं असेल. त्याचे तुटलेले तुकडे उन्हाळ्यात समुद्रावर तरंगत जातात, त्यांच्या सावलीत डोराडो आणि यलोटेल जमतात. मासेमार दुर्बिणीने असे तुकडेच शोधत फिरतात.

आता लहान मासे. तिथे आमिष म्हणून जिवंत तारली वापरतात. होडीवर पाण्याच्या टाक्या असतात, त्यात तारली फिरत असते, आणि एकेक काढून गळाला लावतात. तारली! आपल्याकडे टोपलीने विकली जाणारी. तर या एका मासळीचे आकडे ऐका. १९३६-३७ च्या हंगामात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे ७ लाख टन तारली पकडली गेली. एका मालगाडीत ५८-६० वाघिणी जोडून ३,५०० टन माल भरला, तर अशा २०० मालगाड्या लागतील. एक तारली शंभर ग्रॅमची धरू. म्हणजे ७०० कोटी तारल्या! तेव्हाच्या जगात माणसंच साधारण सव्वादोनशे कोटी होती. बायका-मुलांसह जगातल्या प्रत्येक माणसाला तीन-तीन तारल्या आल्या असत्या. एक तारली वीतभर, वीस सेंटिमीटरची. नाकाला शेपटी लावून रांग केली तर १४ लाख किलोमीटर. चंद्रापर्यंत जाऊन, परत येऊन, पुन्हा जवळजवळ तेवढीच खेप होईल. एका हंगामात!

मग काय झालं? तारली संपली. १९५० च्या दशकापर्यंत धंदा कोसळला. समुद्राचं पाणी थंड-गरम होण्याचाही त्यात मोठा हात होता, पण जाळ्यांनी आपलं काम केलं होतंच. पुढे ती सावरली आणि पुन्हा घसरली. २०१५ पासून तिथे मोठ्या जाळ्यांनी तारली पकडणं बंद आहे, गळासाठी जिवंत तारलीला मात्र परवानगी आहे. मला हे आकडे वाचताना प्रत्येक वेळी छातीत धस्स होतं. दोनशे मालगाड्या भरणारी मासळी संपू शकते, तर काय संपू शकत नाही?

हे मनात ठेवा. कारण आता तो येतोय.

रात्री दहाच्या सुमाराला सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा बंदरातून मोठ्या होड्या निघतात. वीस-पंचवीस लोक, प्रत्येकाच्या चार-पाच काठ्या, खाली झोपायला बाकं. सॅन क्लेमेंटे बेटाच्या आसपासचा समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पहाटेआधीच होडी पोचते. अंधारात जड शिशाची-लोखंडाची चकाकणारी आमिषं साठ-सत्तर मीटर खोल सोडतात आणि झटका देत वर ओढतात. उजाडलं की जिवंत तारली. कधी पतंग उडवून त्याच्या दोरीला उडणारा मासा टांगतात, तो पाण्यावर नाचत राहतो आणि खालून ट्यूना झेपावतो.

ब्लूफिन ट्यूना! शंभर किलोचा मासा इथे आता आश्चर्याचा राहिलेला नाही. त्याला गळ लागला की तो पळतो. ताशी ४० किलोमीटर धरू, हा त्याच्या सर्वोच्च वेगापेक्षा बराच कमी आहे. तरी ३०० मीटर दोरी २७ सेकंदांत जाते. मुंबईतला राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच. साडेतीन राजाबाई टॉवर एकावर एक रचा, तेवढी दोरी अर्ध्या मिनिटाच्या आत रिळावरून नाहीशी! आणि दोरी किती जाड? एक मिलिमीटरहूनही बारीक. शंभर किलोचा मासा एका बाजूला, सत्तर किलोचा माणूस दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हा धागा. माणूस काठी कठड्याला टेकवतो, रीळ फिरवतो, दहा मीटर कमावतो, मासा चाळीस मीटर परत घेतो. असं तास-दीड तास. कधी चार तास.

१८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या माणसाने कॅटालिनाजवळ काठी आणि रिळावर १८३ पौंडांचा, म्हणजे ८३ किलोचा ब्लूफिन ओढून काढला. लागले पावणेचार तास. तेव्हा नायलॉन नव्हतं, जवसाच्या धाग्यांची दोरी होती, आणि होडीला मासाच ओढत नेत होता. त्याच वर्षी त्याने कॅटालिनाच्या अ‍ॅव्हलॉन गावात ट्यूना क्लब काढला. तो आजही चालू आहे. मोठ्या माशाला बारीक दोरीवर आणि स्वतःच्या हातांवर जिंकायचं, कुणाची मदत घ्यायची नाही, हा नियम तिथून जगभर गेला. पुढे १९२९ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनीही याच बेटाजवळ मार्लिन पकडला. आजचा सर्वांत मोठा नोंदलेला पॅसिफिक ब्लूफिन मात्र न्यूझीलंडजवळचा आहे, २०१४ सालचा: ४११.६ किलो! पाच-सहा माणसांचं वजन एका माशात, काठीच्या एका टोकाला.

आणि किंमत? याच जातीचा २७८ किलोचा एक ब्लूफिन ५ जानेवारी २०१९ रोजी टोकियोच्या तोयोसू बाजारात लिलावाला निघाला. बोली कुठे थांबली? ३३ कोटी ३६ लाख येन! तेव्हाच्या दराने २१ कोटी रुपयांच्या वर. एका किलोला पावणेआठ लाख. एका ग्रॅमला ७७० रुपये. त्या दिवसांत चांदी ग्रॅमला चाळीस रुपयांच्या आसपास होती. मासा चांदीच्या जवळजवळ वीसपट महाग! पंधरा ग्रॅमचा एक तुकडा भातावर ठेवून तोंडात टाकला तर साडेअकरा हजार रुपये गिळले. वर्षातला पहिला लिलाव म्हणून मान मोठा, बोलीही फुगलेली, हे खरं. एरवी भाव इतका चढत नाही. पण कॅलिफोर्नियाच्या हौशी मासेमाराचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की त्याने काठीवर पकडलेला मासा त्याला विकताच येत नाही. कायद्याने बंदी आहे. एक रुपया मिळणार नाही हे माहीत असून तो रात्रभर जागतो. मासा घरी जातो, शेजाऱ्यांत वाटला जातो, संपतो.

आता सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. हा मासा कॅलिफोर्नियाचा नाहीच! तो जन्मतो जपानकडे. जपानच्या दक्षिणेला र्युक्यू बेटांच्या बाजूला आणि जपानच्या समुद्रात ब्लूफिन अंडी घालतात. जन्मलेल्यांपैकी काही एक-दोन वर्षांचे झाले की प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला येतात. जपान ते कॅलिफोर्निया सुमारे ८,८०० किलोमीटर. मुंबई-पुणे अंतराच्या जवळपास ५९ पट. कन्याकुमारीहून जम्मूच्या कटऱ्याला जाणारी हिमसागर एक्सप्रेस सुमारे ३,७९० किलोमीटर धावते, आपल्या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिचा प्रवास सव्वादोन वेळा केला तर या पोराच्या एका खेपेची बरोबरी होईल. आणि ती रुळांवरून जाते, जेवण आत मिळतं!

एका ब्लूफिनच्या अंगात शास्त्रज्ञांनी नोंदयंत्र बसवलं होतं. त्याने ६०० दिवसांत प्रशांत महासागर तीन वेळा ओलांडला. एकूण अंतर ४०,००० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर किती? ४०,०७५! म्हणजे वीस महिन्यांत एका माशाने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. दिवसाला ६७ किलोमीटर. सीएसएमटी ते बदलापूर. रोज. एक दिवस सुट्टी नाही, रविवार नाही, मेगाब्लॉक नाही, सलग ६०० दिवस.

ब्लूफिन येतो कुठून, हे दुसऱ्या एका आकड्यानेही सिद्ध झालं, आणि तो आकडा इतका लहान आहे की त्यानेही थक्कच व्हावं लागतं. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातून किरणोत्सारी सीझियम समुद्रात गेलं. त्याच ऑगस्टमध्ये सॅन डिएगोजवळ हौशी मासेमारांनी पकडलेल्या १५ ब्लूफिनचं मांस शास्त्रज्ञांनी तपासलं. पंधराच्या पंधरा माशांत सीझियम-१३४ सापडलं! वाळवलेल्या मांसात किलोमागे सेकंदाला चार अणू फुटण्याइतकं. घाबरू नका. माशाच्या मांसात पोटॅशियमपासून निसर्गतःच जो किरणोत्सार असतो, तो याच्या ऐंशीपटीहून जास्त होता. पण मोजमाप किती बारीक बघा. अशा एका किलो मांसात या सीझियमचे सुमारे साडेसदतीस कोटी अणू होते. साडेसदतीस कोटी म्हणजे खूप वाटतं, भारताच्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. आणि या सगळ्यांचं मिळून वजन? एका ग्रॅमचे दहा लाख कोटी भाग करा, त्यातला एक भागही भरणार नाही! तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढं हे सीझियम घेतलं तर तेवढ्या खुणेने निदान २४ कोटी टन मासळीवर शिक्का मारता येईल. सगळ्या जगात वर्षभरात सगळ्या जाळ्यांनी आणि सगळ्या गळांनी मिळून पकडली जाते ती मासळी ९ कोटी टनांच्या आसपास आहे. एका तांदळात जगाची अडीच वर्षांची मासळी! आणि तेवढी पुसट खूण अंगात घेऊन ते पंधरा मासे पाच महिन्यांत समुद्र ओलांडून कॅलिफोर्नियाच्या गळाला लागले होते.

जन्माचाही हिशेब करून टाकू. मोठी मादी ५० लाख ते अडीच कोटी अंडी घालते. अंडं एक मिलिमीटरचं. अडीच कोटी अंडी ओळीने मांडली तर २५ किलोमीटर: सीएसएमटीहून निघालेली ओळ कांजूरमार्गला पोचेल. आणि तीच अंडी गोळा केली तर तेरा लिटर. एक बादली! एका बादलीत मुंबई महानगराच्या लोकसंख्येइतके ट्यूना. त्यातले किती मोठे होतात? जात टिकायची तर आईच्या सगळ्या आयुष्यातल्या सगळ्या बादल्यांमधून सरासरी फक्त दोघांनी मोठं व्हायचं असतं. बाकीचे करोडो भाऊ-बहिणी कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात.

म्हणूनच मला हा पुढचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०१० च्या सुमाराला अंडी घालणाऱ्या पॅसिफिक ब्लूफिनचं एकूण वजन, अख्ख्या महासागरात, दहा-बारा हजार टनांवर आलं होतं. तीन मालगाड्या. सोळा कोटी चौरस किलोमीटरचा समुद्र, पाचशेहून जास्त महाराष्ट्र मावतील एवढा, आणि त्यात तीन मालगाड्यांइतके ट्यूना! माणसाने मासेमारी केलीच नसती तर जितके असते त्याच्या २.६ टक्के उरले आहेत, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. तारलीची गोष्ट आठवते ना? तीच वाट होती.

पण यावेळी देश एकत्र बसले. जपान, कोरिया, तैवान, मेक्सिको, अमेरिका यांनी पकडीवर कडक मर्यादा घातल्या, विशेषतः पिल्लांच्या पकडीवर. सॅन डिएगोच्या हौशी मासेमाराला दिवसाला दहा ब्लूफिन ठेवता यायचे, २०१५ पासून दोनच. उद्दिष्ट ठरलं: मूळ संख्येच्या २० टक्के, २०३४ पर्यंत. कधी गाठलं? २०२१ मध्ये! तेरा वर्षं आधी! सरकारी उद्दिष्ट तेरा वर्षं आधी पूर्ण झाल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? २०२२ मध्ये आकडा २३.२ टक्क्यांवर गेला होता आणि वजन सुमारे १ लाख ४४ हजार टनांवर. तीन मालगाड्यांच्या जागी एक्केचाळीस! बारा वर्षांत, बादल्यांमधून वाचलेल्या मोजक्या पिल्लांच्या भरवशावर.

आणि आता शेवटची बेरीज, ती मात्र उभं राहून करू. एक मासा सरासरी शंभर किलोचा धरा. १ लाख ४४ हजार टन म्हणजे १४ लाख ४० हजार ब्लूफिन. सगळ्यांनी त्या नोंदयंत्रवाल्या माशाचा वेग धरला असं माना, दिवसाला ६७ किलोमीटर. सगळ्यांचं मिळून एका दिवसाचं अंतर? साडेनऊ कोटी किलोमीटरच्या वर! पृथ्वीपासून चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात चंद्रापर्यंतच्या अडीचशे खेपा. चंद्र सोडा, सूर्य घ्या. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. २०१० मध्ये उरलेल्या लाखभर माशांना मिळून सूर्याएवढं अंतर पोहायला वीस दिवस लागले असते. आता? दीड दिवस. परवा सकाळी निघाले असते तर काल संध्याकाळी पोचले असते!